एक कोटी तुकड्यांचा सातबारा : रवांडातील जमीन सुधारणेचे प्रकरण

1988 साली रवांडाच्या वायव्य भागातल्या कानामा या डोंगराळ पट्ट्यात एका कुटुंबाकडे सरासरी 36 गुंठे जमीन होती. पाच वर्षांनी, 1993 मध्ये, ती 29 गुंठ्यांवर आली होती. कॅथरीन आंद्रे आणि जाँ-फिलिप प्लातो या दोन बेल्जियन अभ्यासकांनी या भागाची पाहणी केली होती. त्यांनी जे टिपले ते आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात ओळखीचे वाटेल: भावाभावांत बांधावरून मारामाऱ्या, वयात आलेल्या पोराला वाटणी द्यायला बापाची टाळाटाळ, नवऱ्याने टाकलेल्या बहिणीला माहेरच्या जमिनीवर उभे राहू न देणारे भाऊ. लग्नाच्या वेळी बाप मुलाला जो तुकडा तोडून देतो त्याला तिथे ‘उमुनानी’ म्हणतात. उमुनानी मिळाल्याशिवाय घर बांधता येत नाही, घराशिवाय लग्न नाही, आणि लग्नाशिवाय गावात पुरुष म्हणून मोजले जात नाही. 29 गुंठ्यांतून चार पोरांना उमुनानी कशी द्यायची, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

पुढच्या वर्षी वंशसंहार झाला. रवांडात हुतू बहुसंख्य, तुत्सी अल्पसंख्य. कानामात तर तुत्सी जवळपास नव्हतेच, वस्ती हुतूंची. तरीही त्या काळात तिथली किमान पाच टक्के माणसे गेली, आणि मारल्या गेलेल्यांत भांडणात अडकलेले आणि इतरांपेक्षा जास्त जमीन बाळगून असलेले लोक ठळकपणे दिसतात. यावरून ‘जमिनीच्या टंचाईने वंशसंहार घडवला’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह बऱ्याच जणांना झाला. तो चुकीचा आहे. एप्रिल ते जुलै 1994 या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे, बहुतांश तुत्सी, मारली गेली ती सत्तेने आखून, याद्या करून, आकाशवाणीवरून चिथावून. जमिनीने हा कट रचला नाही. पण शेजाऱ्याचा वाटा मोकळा होईल हे ज्याच्या डोळ्यांसमोर होते, त्याच्या हातात कोयता देणे सोपे गेले, एवढे मात्र म्हणता येते.

या लेखाचा विषय त्यानंतरचा आहे. युद्धानंतरची जमीन सुधारणा म्हटली की आपल्या मनात कमाल धारणा कायदा येतो: जमीनदाराची जास्तीची जमीन काढायची आणि भूमिहीनाला द्यायची. रवांडात काढण्याजोगे फारसे काही नव्हते. हा देश 26 हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे नाशिक आणि जळगाव जिल्हे मिळून होतील त्याहूनही थोडा लहान. 2012च्या जनगणनेत लोकसंख्या 1 कोटी 5 लाख, 2022 मध्ये 1 कोटी 32 लाख. दर चौरस किलोमीटरला 500 माणसे, आणि त्यांतली बहुसंख्य कोरडवाहू डोंगरउतारावर शेती करणारी. त्यामुळे तिथे सुधारणा झाली ती मुख्यतः जमिनीची नव्हे, नावांची. कोणत्या तुकड्यावर कोणाचे नाव लागणार, हा प्रश्न सरकारने हाती घेतला आणि वीस वर्षांत तडीस नेला. कोणाचे नाव लागले आणि कोणाचे राहिले, यातच त्या सुधारणेचे सगळे परिणाम सापडतात.

एकाच शेताचे तीन मालक

1959 पासून तुत्सींविरुद्ध हिंसाचाराच्या लाटा आल्या. लाखो तुत्सी युगांडा, बुरुंडी, टांझानिया आणि झाईरमध्ये (आजच्या काँगोत) पळाले. त्यांच्या जमिनी स्थानिक प्रशासनाने इतरांना दिल्या किंवा शेजाऱ्यांनी धरल्या. त्या कसणाऱ्यांची पुढे एक पिढी तिथेच वाढली. जुलै 1994 मध्ये निर्वासितांच्या मुलांनी उभारलेली ‘रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट’ जिंकली, तेव्हा सुमारे वीस लाख हुतू सीमेपार गेले आणि रिकाम्या झालेल्या घरांत 1959 चे निर्वासित, त्यांची मुले-नातवंडे येऊन राहिली. तीस-पस्तीस वर्षांनी परत आलेल्यांची संख्या सात-आठ लाखांच्या घरात होती. मग 1996 च्या अखेरीस झाईर आणि टांझानियातल्या छावण्या मोडल्या आणि काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक हुतू पायी घरी परतले. दारात पाहतात तर दुसरेच कुटुंब चूल पेटवून बसलेले.

तिसरा दावेदार तर अनेकदा दिसतच नव्हता. तो म्हणजे वंशसंहारातून वाचलेले पोरके मूल, ज्याची जमीन ‘सांभाळायला’ म्हणून काकाने घेतली होती. किंवा विधवा, जिच्या नवऱ्याच्या भावकीने तिला सांगितले की तू आता आमची कोण?

वंशसंहाराआधी, सरकार आणि फ्रंट यांच्यातले युद्ध थांबवण्यासाठी ऑगस्ट 1993 मध्ये झालेल्या अरुशा करारात यावर एक नियम सुचवलेला होता: दहा वर्षांहून आधी देश सोडून गेलेल्यांनी, दुसऱ्याच्या ताब्यात असलेल्या जुन्या मालमत्तेवर हक्क सांगू नये, सरकारने त्यांना दुसरी जमीन द्यावी. कागदावर हा नियम शहाणपणाचा होता. अडचण एवढीच की ‘दुसरी जमीन’ कुठे होती? थोडी पूर्वेला निघाली. 1997 मध्ये अकागेरा राष्ट्रीय उद्यानाचा जवळपास दोन तृतीयांश भाग वस्तीसाठी मोकळा केला गेला, मुताराच्या शिकारीच्या राखीव रानातही गुरे घेऊन लोक उतरले. तेवढ्याने भागणार नव्हतेच.

अर्धे तुझे, अर्धे माझे

पूर्वेच्या किबुंगो प्रांतात 1996-97 मध्ये स्थानिक अधिकाऱ्यांनी सरळ दोर टाकला. छावणीतून परतलेल्या हुतू मालकाची जमीन मधोमध कापायची, निम्मी त्याला, निम्मी 1959च्या निर्वासिताला. भरपाई नाही, अपील नाही. कुठे हे थोडे समजुतीने झाले, कुठे शिपायाच्या देखत. पुढे 2005च्या भूमी कायद्यात एक कलम घालून 1994 पासून झालेल्या अशा सर्व वाटण्या कायदेशीर ठरवण्यात आल्या.

या वाटणीबद्दल मला दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. पहिली ही की तिने रक्तपात टाळला. दोन्ही बाजूंचे दावे खरे होते, दोघांनाही पोट होते, आणि न्यायालये मोडून पडली होती. वंशसंहारानंतर देशात मोजके वकील आणि न्यायाधीश उरले होते, तुरुंगांत मात्र लाखावर कैदी कोंबलेले होते. अशा वेळी पंचवीस वर्षे चालणाऱ्या दिवाणी दाव्यापेक्षा मधोमध दोर बरा. दुसरी गोष्ट ही की ज्याची निम्मी जमीन गेली त्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. नुकत्याच छावणीतून परतलेल्या हुतूने वाटणीला विरोध करणे म्हणजे ‘तू 1994 मध्ये काय करत होतास?’ हा प्रश्न ओढवून घेणे. नंतर या गावांत गेलेल्या संशोधकांना बहुतेक जण ‘आम्ही आनंदाने वाटून घेतले’ असे सांगत. त्यातल्या किती जणांना खरेच आनंद होता, हे त्यांनाच ठाऊक.

वरच्या थरात मात्र दोर वेगळा पडला. पूर्वेच्या मोकळ्या माळावर लष्करी अधिकारी आणि पुढाऱ्यांनी शेकडो एकरांची कुरणे धरली होती. 2007-08 मध्ये जनरल फ्रेड इबिंगिरा यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने अशा मोठ्या धारणांचा काही भाग काढून वाटला. देशात खऱ्या अर्थाने ‘जास्तीची जमीन काढून दिली’ असे म्हणावे असा हा जवळपास एकच प्रसंग.

रस्त्याकडेची घरे

डिसेंबर 1996 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले की यापुढे ग्रामीण घरे फक्त ‘इमिदुगुदु’त, म्हणजे आखून दिलेल्या वस्त्यांत बांधायची. रवांडात आपल्यासारखे गावठाण नव्हते. प्रत्येक टेकडीवर प्रत्येकाचे ‘उरुगो’, घर आणि अंगण, आणि भोवती त्याचीच शेती. नव्या धोरणामागे तीन कारणे होती: परतलेल्यांना तातडीने छप्पर, वायव्येतल्या बंडखोरांपासून संरक्षण, आणि शेतातून घरे हलली की शेती सलग होईल ही आशा. पहिल्या कारणासाठी परदेशी देणगीदारांनी भरपूर पैसे दिले. पण अनेक ठिकाणी राहते घर स्वतःच्या हाताने पाडून, पत्रा डोक्यावर घेऊन, प्लास्टिकच्या पालात जाण्याची सक्ती झाली. 2001 मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने त्यावर सविस्तर अहवाल काढला.

शेतीच्या अंगाने यात एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट होती. रवांडातली केळीची बाग घराला लागून असते. चुलीची राख, शेण, सांडपाणी, सालपट सगळे तिच्या बुंध्याशी जाते, म्हणून तर त्या उतारावर पिढ्यानपिढ्या केळी टिकल्या. घर दोन किलोमीटर दूर रस्त्याकडेला गेले की शेणाची पाटी डोक्यावरून कोण नेणार? बाईच. आणि पिकाची राखण कोण करणार? रात्री कोणीच नाही. सलग शेतीचे स्वप्न राहिले बाजूला, घराजवळचा सगळ्यात कसदार तुकडा मात्र सुकला. ज्याची जमीन वस्तीसाठी घेतली त्याला बदल्यात तेवढीच जमीन मिळायची होती, ती बऱ्याच जणांना मिळालीच नाही.

हवाई छायाचित्रावर ओढलेली रेघ

आता ज्या भागामुळे रवांडाचे नाव जगभरच्या भूमी अभिलेखवाल्यांत आदराने घेतले जाते, तो. 2004 मध्ये राष्ट्रीय भूमी धोरण, 2005 मध्ये भूमी कायदा, 2007-08 मध्ये चार ठिकाणी प्रायोगिक मोजणी आणि त्यानंतर 2013 पर्यंत सगळ्या देशाची नोंदणी. 1 कोटी 3 लाख तुकडे, तुकड्यामागे सहा-सात डॉलर खर्च. एवढ्या खर्चात आणि एवढ्या वेगात आफ्रिकेत असे काम आधी कुणी केले नव्हते.

पद्धत साधी होती, आणि मला तरी सगळ्या प्रकरणात तीच आवडली. विमानातून घेतलेली छायाचित्रे मोठ्या कागदावर छापायची. गावातल्याच थोड्या शिकलेल्या तरुण-तरुणींना काही दिवस शिकवून मोजणीदार करायचे. मग मालक, शेजारी आणि गावचे जाणते असे सगळे मिळून बांधावरून चालायचे. कुंपणाची रांग फोटोत जिथे दिसते तिथे पेनने रेघ ओढायची, तुकड्याला क्रमांक द्यायचा, जागच्या जागी नाव लिहायचे आणि दावेदाराच्या हातात पावती ठेवायची. टेप नाही, शंकू नाही, इंचाइंचाची अचूकता नाही. नंतर याद्या गावात लावायच्या, हरकतींसाठी मुदत द्यायची, तक्रार असेल तर ‘अबुंझी’ या गावच्या निवडून दिलेल्या मध्यस्थ मंडळाकडे. तुकड्यामागे 1,000 रवांडन फ्रँक भरून प्रमाणपत्र घ्यायचे. आपल्याकडे सरकारी मोजणीची तारीख मिळवण्यासाठी भूमी अभिलेखच्या कचेरीत खेपा घातलेल्या माणसाला हे वाचून हेवा वाटेल, मला वाटला.

मिळाले ते मात्र पूर्ण मालकीपत्र नव्हे. जमीन अखेर राज्याची. शेतकऱ्याला दीर्घ मुदतीचा, शेतीसाठी साधारण 99 वर्षांचा भाडेपट्टा. आपल्या भोगवटादार वर्ग दोनची आठवण यावी असा. राज्याला हवे तेव्हा जमीन ‘सार्वजनिक हितासाठी’ घेता येते. राजधानी किगालीत रस्ते, बंगले आणि आखीव वस्त्या वाढल्या तेव्हा डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना याचा अनुभव आला. कांगोंदो-किबिरारोच्या रहिवाशांना रोख भरपाई हवी होती, सरकारने सदनिका देऊ केल्या, प्रकरण कोर्टात गेले, आणि 2022 मध्ये वस्ती हटली. अर्थात हातात कागद होता म्हणून निदान भांडता तरी आले, असेही म्हणता येईल.

आर्थिक परिणाम कोणते? प्रायोगिक भागांचा अभ्यास दानिएल अयालेव अली, क्लाऊस डायनिंगर आणि मार्कस गोल्डस्टीन यांनी केला. नोंदणी झालेल्या शेतांत ताली, चर, बांधबंदिस्ती अशा मृदसंधारणाच्या कामाचे प्रमाण नोंदणी न झालेल्या शेतांच्या जवळपास दुप्पट निघाले, आणि बाई कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत वाढ आणखी मोठी होती. याचे कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. उद्या दीर येऊन हाकलणार असेल तर आज ताल कोण घालेल? गरिबांना भुलवून जमिनी विकत घेतल्या जातील ही भीतीही त्या टप्प्यावर खरी ठरली नाही. मात्र ‘कागद मिळाला की बँक कर्ज देईल’ हे जे वचन अशा प्रत्येक योजनेसोबत येते, ते खेड्यात फारसे फळले नाही. अर्ध्या एकराच्या उतारावर कर्ज द्यायला बँकेला जप्तीचा खर्चसुद्धा परवडत नाही. तारणाचा फायदा झाला तो शहरातल्या आणि मोठ्या धारकांना. तिकडे जागतिक बँकेच्या यादीत मालमत्ता नोंदणीच्या सुलभतेत रवांडा पहिल्या दोन-तीन देशांत जाऊन बसला. ती यादी आता बंदच झाली आहे.

रजिस्टरात न बसलेली बायको

1994 नंतर देशातल्या साधारण एक तृतीयांश घरांच्या प्रमुख बायका होत्या. पुरुष मेलेले, पळालेले किंवा तुरुंगात. परंपरेने मुलीला जमीन नसे. म्हणजे शेती करणारे हात बायकांचे, नाव मात्र घरात नसलेल्या पुरुषांचे. 1999च्या वारसा कायद्याने मुलगी आणि मुलगा समान ठरवले. नोंदणी मोहिमेत कायदेशीर पत्नीचे नाव लावणे बंधनकारक झाले आणि आज निम्म्याहून अधिक नोंदी पती-पत्नी दोघांच्या नावे आहेत. 1990च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’त जे गावोगाव नवऱ्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन करून मागितले, ते इथे छापील फॉर्मने झाले.

पण फॉर्ममध्ये ‘कायदेशीर’ हा शब्द होता. रवांडात कायदा फक्त एकपत्नी नोंदणी विवाह मानतो. खेड्यात मात्र गायी आणि केळीची दारू देऊन, चारचौघांसमोर लागलेली लग्ने असंख्य. दुसरी बायकोही अनेक घरांत, कारण युद्धाने पुरुष कमी केले होते. या बायका वीस वर्षे तेच शेत खणत होत्या. आधी परंपरा त्यांना थोडीबहुत जागा देत होती. कागद आला आणि ती धूसर जागा स्वच्छपणे कोरी झाली. वर सांगितलेल्या अभ्यासातच हे दिसले: नोंदणीकृत लग्न असलेल्या बाईचा हक्क वाढला, नसलेल्या बाईचा घटला. देशव्यापी मोहिमेआधी कार्यपद्धतीत दुरुस्त्या झाल्या, नवरा राजी असेल तर तिचे नाव लावायची वाट मोकळी राहिली. राजी असेल तर.

मुलींचेही तेच. कायद्याने वाटा मिळाला, पण भावाकडे मागायचा म्हणजे माहेर तोडायचे. कितीतरी बहिणी गप्प राहिल्या. आपल्याकडे यासाठी ‘हक्कसोड’ असा तयार शब्द आहे, तो लिहिताना तलाठ्याला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. ज्यांनी मागितला त्यांची प्रकरणे अबुंझींसमोर आली. टेकडीवरच्या जमिनीच्या भांडणाचे रूपच या काळात बदलले. आधी ते हुतू-तुत्सी, जुना निर्वासित-नवा निर्वासित असे होते. नोंदणीनंतर ते घरात शिरले: बहीण-भाऊ, पहिली-दुसरी, बाप-लेक.

त्यात वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या गाचाचा न्यायालयांचाही हात होता. 2012 मध्ये ही गावन्यायालये संपली तोवर त्यांनी वीस लाखांच्या आसपास प्रकरणे हाताळली होती. त्यांतली बहुसंख्य लूट आणि मालमत्तेच्या नुकसानीची. निकाल भरपाईचा. भूमिहीनाच्या काठावर असलेल्या आरोपीकडे भरपाई द्यायला जमिनीशिवाय काय असणार? त्याने तुकडा विकला की त्याच्या मुलांची उमुनानी गेली. ज्याचे लुटले गेले त्याला न्याय हवाच होता. पण त्या न्यायाचा हप्ता 1994 साली जन्मलेल्या पोराने भरला.

तुकडेबंदी, त्यांची आणि आपली

2005च्या कायद्याने एक हेक्टर किंवा त्याहून लहान शेतीचे तुकडे करायला बंदी घातली, आणि 2013च्या नव्या कायद्यातही ती राहिली. सरासरी धारणाच एक हेक्टरच्या आत असलेल्या देशात याचा अर्थ जवळपास कोणीच कायदेशीर वाटणी करू शकत नव्हते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपला तुकडेबंदी कायदा 1947 चा, आणि तेव्हापासून आपण साठेखत, नोटरी आणि शंभराच्या स्टॅम्पवर गुंठे विकतच आलो. रवांडातही बापाने पोरांना टेकडी वाटून दिलीच, फक्त ती कचेरीला कळवली नाही. त्यात हस्तांतराचे शुल्क तेव्हा सुमारे 27 हजार फ्रँक होते, तुकडा केवढाही असो. चार गुंठे विकणाऱ्या मजुराला ते कित्येक आठवड्यांच्या रोजगाराइतके. साहजिकच व्यवहार साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या अंगठ्यांवर होऊ लागले.

म्हणजे एक कोटी तुकड्यांचा नवाकोरा अभिलेख पहिल्या दिवसापासून जुना होत चालला. मेलेल्या माणसांची नावे तशीच, वारस नोंद नाही, विकलेले शेत विकणाऱ्याच्याच नावे. पहिली नोंद पैसा आणि मोहीम यांच्या बळावर होते. तिसरी-चौथी नोंद माणसाला स्वतःहून करावीशी वाटली तरच होते.

शिवाय 2007 पासूनच्या पीक सघनीकरण कार्यक्रमाने नाव लागलेल्या जमिनीतही काय पेरायचे हे वरून ठरवायला सुरुवात केली. या भागात मका, त्या भागात गहू, दलदलीत भात. सगळ्यांनी सलग एकच पीक, अनुदानाचे खत घेऊन. उत्पादन वाढले, मक्याचे विशेषतः. पण रताळी, ज्वारी, वाल, केळी असे थोडे थोडे लावून वर्षभर चूल पेटती ठेवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याची विमा पॉलिसी काढून घेतली गेली, आणि काही ठिकाणी ‘चुकीचे’ पीक उपटूनही टाकले गेले. सरकारी आकड्यांत दारिद्र्य 2005-06च्या 56.7 टक्क्यांवरून 2013-14 मध्ये 39.1 टक्क्यांवर आले. शेवटचा आकडा मोजताना पद्धत बदलली होती, म्हणून त्यावर अभ्यासकांनी कडाडून आक्षेप घेतले. मला यात पडायचे नाही. एवढे मात्र दिसते की जमिनीच्या कागदाने दिलेला निर्धास्तपणा आणि पिकाच्या आदेशाने काढून घेतलेली मोकळीक, हे दोन्ही एकाच बांधाच्या आत घडत होते.

2023च्या सुरुवातीपासून रवांडाने कागदी प्रमाणपत्रे बंद करून ती संगणकावर आणली. मोबाइलवर क्रमांक टाकला की तुकड्याची आकृती दिसते. टेकडीवर बांध दाखवायला अजूनही ‘उमुयेंझी’ लावतात. आपल्याकडे कुंपणाला लावतो तोच शेर, फांदी खोचली की जगतो, तोडला की चिकट दूध गळते. स्क्रीनवर एकच तुकडा दिसतो, एका मेलेल्या माणसाच्या नावाचा. शेतात शेराच्या दोन नव्या रांगा असतात, तीन मुलांच्या मध्ये.